खाकीतली नजर

(शिरगाव, ता. मावळ येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गुरुवार उजाडला की शिरगावचे रूप पालटते. 'प्रतिशिर्डी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या येथील साईमंदिरात पुण्या-मुंबईकडून कुटुंबेच्या कुटुंबे दर्शनाला येतात. सोमाटणे फाट्याकडून गाड्यांची रीघ लागते, हारवाल्यांची लगबग सुरू होते, रांग पुढे सरकत राहते. या रांगेतल्या प्रत्येकाची नजर गाभाऱ्याकडे असते. अपवाद दोघांचा. एक खिसेकापू आणि दुसरा साध्या वेशातला पोलीस. या दोघांचेही लक्ष देवाकडे नसते, ते माणसांच्या हातांकडे असते. आजचा विषय त्या दुसऱ्या माणसाचा आहे. शेकडो चेहऱ्यांतून त्याला नेमका एकच चेहरा का खटकतो? आणि जे खटकले ते दर वेळी खरेच असते का?

समाजात याविषयी एक भाबडी समजूत आहे. पोलिसाला गुन्हेगाराचा वास येतो, असे कौतुकाने म्हटले जाते. चित्रपटांनी तर पोलीस अधिकाऱ्याला दिव्यदृष्टीच बहाल केली आहे. वस्तुस्थिती साधी आहे आणि म्हणूनच अधिक मोलाची आहे. जुना सराफ दागिना हातात घेताक्षणी त्यातले हीण ओळखतो. आईला शेजारच्या खोलीतून बाळाचे रडणे भुकेचे की दुखण्याचे हे कळते. यात चमत्कार नाही; हजारो वेळा पाहिलेल्याची, ऐकलेल्याची ती साठवण असते. पोलिसाची नजरही अशीच साठवणीतून येते. नवा शिपाई नाक्यावर उभा राहतो तेव्हा त्याला गाड्या दिसतात. वीस वर्षे गस्त घातलेल्या हवालदाराला मात्र दिसतो तो दुरून नाकाबंदी पाहून क्षणभर मंदावलेला वेग, मागच्या आसनावरील माणसाचे अकारण सावरून बसणे, कागद मागण्याआधीच पुढे आलेला हात. नेहमीचे काय, हे ज्याच्या अंगात मुरले आहे त्यालाच वेगळे काय ते दिसते. म्हणजे तो गुन्हेगार ओळखण्याआधी सामान्य माणसाला ओळखायला शिकलेला असतो. ही गोष्ट प्रशिक्षण केंद्रात सांगता येते, पण शिकवता येत नाही. ती रस्त्यावरच शिकावी लागते.

आपल्या मुलखाला हे शास्त्र नवे नाही. पेशवाई बुडाल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने येथील व्यवस्थेवर जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याचे वर्णन आहे. गावातील प्रत्येक माणसाची चालचलणूक जागल्याला ठाऊक असावी, ही अपेक्षा होती. चोरी झाली तर चोराच्या पावलांचा माग काढत त्याने शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जायचे आणि तेथल्या जागल्याची खात्री पटवून द्यायची. मग पुढची जबाबदारी त्या गावाची. या व्यवस्थेतली एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 'चोर तिकडे गेला असे मला वाटते' एवढे सांगून पहिल्या जागल्याची सुटका होत नसे. माग दाखवावा लागे, आणि तो दुसऱ्याला पटावा लागे. पुढे येणाऱ्या सगळ्या विवेचनाचे बीज या शिवेवरच्या पावलांत आहे.

आता मुंबईकडे वळू. १९६८ सालचा पावसाळा. उत्तर मुंबईच्या उपनगरांत झोपड्यांत आणि उघड्यावर झोपलेल्या गोरगरिबांची डोकी जड वस्तूने ठेचून हत्या होत होत्या. लोक रात्र रात्र जागून पहारे देत होते, आणि नुसत्या संशयावरून अनोळखी माणसाला मारहाण व्हावी इतकी दहशत पसरली होती. तपासाची सूत्रे गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. २७ ऑगस्ट रोजी डोंगरी पोलीस ठाण्याचे उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांना रस्त्यात एक माणूस दिसला. खाकी अर्धी चड्डी, निळा सदरा, हातात छत्री. अशी माणसे त्या काळच्या मुंबईत पावलोपावली भेटत. पण संशयिताचे वर्णन आणि छायाचित्र फियालो यांच्या डोक्यात पक्के होते. शिवाय छत्री ओली होती, आणि त्या भागात तर पाऊस नव्हता. कुठून आलास, असे विचारल्यावर उत्तर आले, मालाडहून. ज्या उपनगरांत हत्या होत होत्या, त्याच बाजूचे हे गाव.

फियालो यांनी त्याला ताब्यात घेतले, प्रतिष्ठित नागरिकांना पंच म्हणून बोलावले आणि झडती घेतली. चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद, असा मुद्देमाल निघाला. कपड्यांवर रक्ताचे डाग होते. त्याने स्वतःचे नाव सिंधी दलवाई असे सांगितले. बोटांचे ठसे दफ्तरातील ठशांशी ताडून पाहिले तेव्हा तो रमण राघव असल्याचे सिद्ध झाले.

या घटनेची गोष्ट सांगताना बहुतेक जण ओल्या छत्रीपाशी थांबतात. ती जागा आहेच तशी. परंतु छत्रीने फक्त प्रश्न विचारायला लावला. उत्तर दिले ते पंचनाम्याने आणि बोटांच्या ठशांनी. आणि ठसे दफ्तरात होते याचे कारण कुणीतरी आधी कंटाळा न करता ते घेऊन जपून ठेवले होते. फियालो यांच्या नजरेमागे एका अनाम कारकुनाचाही हात होता, हे सहसा कुणी सांगत नाही.

याच प्रकरणाचे एक पूर्वपर्व आहे आणि ते अस्वस्थ करणारे आहे. १९६५-६६ मध्ये मध्य रेल्वेच्या मार्गालगतच्या वस्त्यांत असेच हल्ले झाले होते. १९ जणांवर हल्ले झाले, त्यांतील नऊ दगावले. तेव्हाही पोलिसांनी त्या परिसरात घुटमळणाऱ्या एका माणसाला पकडले होते. तो दफ्तरातला होता, दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेला होता. पण ठोस पुरावा मिळाला नाही, म्हणून त्याला सोडण्यात आले. तो रमण राघवच होता. नजर चुकली नव्हती; पुरावा तोकडा पडला होता. त्यानंतर १९६८ मध्ये जी माणसे मेली, त्यांच्या घरच्यांना या सुटकेविषयी काय वाटले असेल, याचा विचार केल्यावाचून या विषयावर बोलण्याचा कुणालाही अधिकार नाही. 'पोलिसांच्या हाती सगळे द्या, कायद्याची अडचण कशाला?' असे म्हणणारा मध्यमवर्गीय माणूस अशाच उदाहरणावर बोट ठेवतो. त्याचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. त्याच्याकडे पुन्हा यावे लागेल.

दुसरे उदाहरण मधुकर झेंडे यांचे. मुंबई पोलीस दलातील या मराठी अधिकाऱ्याने १९७१ मध्ये चार्ल्स शोभराज याला मुंबईत पकडले होते. पुढे हा आंतरराष्ट्रीय गुन्हेगार १६ मार्च १९८६ रोजी पहारेकऱ्यांना गुंगीचे पदार्थ खाऊ घालून तिहार कारागृहातून निसटला. तो गोव्यात असावा अशा माहितीवरून झेंडे आपले सहकारी घेऊन तेथे गेले. परदेशी दूरध्वनी करण्यासाठी तो ज्या ठिकाणी येण्याची शक्यता होती, त्या पर्वरीच्या 'ओ कोकेरो' उपाहारगृहात पाळत ठेवण्यात आली. ६ एप्रिलच्या रात्री टॅक्सीतून दोघे उतरले. त्यांच्या डोक्यावर उन्हाच्या टोप्या होत्या. रात्री उन्हाची टोपी कशाला, हा झेंडे यांच्या मनात आलेला पहिला विचार. मग चेहरा नीट निरखला, पंधरा वर्षांपूर्वीचा चेहरा आठवला, आणि त्यांनी जाऊन थेट 'चार्ल्स!' अशी हाक मारत त्याला मिठीत घट्ट धरले. हातकड्या जवळ नव्हत्या; उपाहारगृहातल्या दोरीने त्याला बांधावे लागले.

टोपीचा हा विचार आपल्या कायद्यालाही परका नाही. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत चेहरा झाकून संशयास्पद स्थितीत वावरणाऱ्याविषयीच आहे. कायदा करणाऱ्यांनी जुन्या शिपायाचीच नजर शब्दांत उतरवलेली दिसते.

झेंडे यांच्याबाबत एक मुद्दा निसटू नये. त्यांनी शोभराजला पूर्वी समोरासमोर पाहिले होते. चेहरा लक्षात राहणे ही काही अंशी जन्मजात देणगी असते. असे विलक्षण चेहरे-स्मरण असलेल्या माणसांवर २००९ पासून शास्त्रीय अभ्यास होत आहे, आणि २०११ च्या लंडनमधील दंगलींनंतर तेथील महानगर पोलिसांनी अशा अधिकाऱ्यांचा कॅमेऱ्यातील चित्रणांवरून दंगेखोर ओळखण्यासाठी मुद्दाम उपयोग करून घेतला. आपल्याकडे पालखी सोहळ्यात पाकीटमारांच्या टोळ्या ओळखण्यासाठी साध्या वेशातले पोलीस नेमतात, ती कल्पना याच जातीची आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. पोलिसाला खोटे बोलणारा ओळखता येतो, असे पोलीस स्वतः मानतात. पॉल एकमन आणि मॉरीन ओ'सुलिव्हन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये पोलीस, न्यायाधीश, मनोविकारतज्ज्ञ अशा अनेकांची परीक्षा घेतली. त्यात राष्ट्राध्यक्षांचे रक्षण करणाऱ्या गुप्त सेवेतील अधिकारी तेवढे बरे निघाले. बाकीच्यांचे अंदाज नाणे उडवून काढलेल्या कौलापेक्षा फारसे वेगळे नव्हते. अनुभव दांडगा, आत्मविश्वास त्याहून दांडगा, आणि निकाल असा.

असे का होते? डॅनियल काह्नमन आणि गॅरी क्लाइन या दोघांनी २००९ मध्ये एकत्र लिहिलेल्या निबंधात याची उकल आहे. विशेष म्हणजे हे दोघे विरुद्ध मताचे. एकाचा अनुभवी माणसाच्या अंतःस्फूर्तीवर विश्वास, दुसऱ्याचा अविश्वास. दोघांचे एकमत झाले ते असे : अनुभवाने नजर तयार होते, पण दोन अटींवर. ज्या क्षेत्रात काम करायचे तेथे काही नियमितपणा हवा, आणि आपला अंदाज बरोबर ठरला की चूक, हे माणसाला लवकर आणि खरेखुरे कळले पाहिजे. नाक्यावरच्या हवालदाराला ते कळते. डिकी उघडली की पोत्यात गुटखा आहे की बटाटे, याचा निकाल जागीच लागतो. परंतु चौकशीच्या खोलीत काय होते? संशयित गप्प असतो. त्याला मार बसतो. मार बसला की तो कबूल करतो. आणि अधिकाऱ्याला वाटते, पाहा, आपली नजर बरोबर होती! अशी कबुली म्हणजे नजरेला मिळालेली खोटी शाबासकी. असा अधिकारी तीस वर्षे नोकरी करतो आणि वास्तविक एक दिवसाचाही अनुभव मिळवत नाही. पोलिसापुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे. हा नियम आरोपीच्या सोयीसाठी आहे असे अनेकांना वाटते. तो चांगल्या पोलिसाच्याही हिताचा आहे.

हे केवळ पाश्चात्त्य विद्वानांनी सांगितलेले शहाणपण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात संशयावरून, मुद्देमालावरून आणि कृत्याच्या खुणांवरून गुन्हेगार कसा पकडावा याचे स्वतंत्र प्रकरण आहे. कोणावर संशय घ्यावा याची त्यातली यादी आजच्या फौजदारालाही ओळखीची वाटेल : मिळकत आटलेली असून खर्च मोठा असणारा, वारंवार नाव आणि ठिकाण बदलणारा, आपला व्यवसाय लपवणारा. परंतु हाच कठोर कौटिल्य थोडे पुढे जाऊन बजावतो की, चोर नसलेला माणूसही योगायोगाने चोराच्या वाटेवर सापडू शकतो, त्याचा वेष किंवा जवळची वस्तू चोरासारखी असू शकते. त्यासाठी तो मांडव्याचे उदाहरण देतो. मांडव्य चोर नव्हता. यातनांच्या भयाने त्याने आपण चोर असल्याचे म्हटले. म्हणून पूर्ण पुराव्यानंतरच दंड द्यावा, असा अर्थशास्त्राचा निर्णय आहे. दंडनीतीचा एवढा मोठा पुरस्कर्ता येथे थबकतो, याचे महत्त्व आपण ओळखले पाहिजे. राज्य बळकट हवे असे म्हणणाऱ्याने तर विशेषच.

संशयाची नजर चुकली तर एक मांडव्य सुळावर जातो. पण तीच चूक कायद्याच्या पुस्तकात शिरली तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्याची व्याप्ती देशभर वाढली. संपूर्ण जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेल्या. हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही, आणि सोलापुरासारख्या ठिकाणी काटेरी तारांच्या आतली वसाहत. पारध्याचे पोर जन्माला आले की त्याचे भविष्य दफ्तरात आधीच लिहिलेले असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर तो कायदा संपला. तारा निघाल्या, नजरेतल्या तारा निघाल्या का? गावाबाहेर पारध्यांचे पाल दिसले आणि त्याच रात्री गावात चोरी झाली, तर सकाळी पहिली गाडी कुठे जाते, हे मावळातही कुणाला सांगायला नको. आणि येथे ती खोटी शाबासकी पुन्हा येते. झडती फक्त पालांची घेतली तर चोर फक्त पालांतच सापडणार. बंगल्यातला चोर मोजलाच जात नाही. मग दफ्तर सांगते, पाहा, पारधीच चोर! आकडे खोटे नसतात, पण ते एकाच दारातून गोळा केलेले असतात.

शिरगावपासून जवळच, चिंचवडला, याच प्रश्नावर मोठे काम उभे आहे. गिरीश प्रभुणे यांनी पारध्यांच्या पालांवर राहून त्यांचे जिणे समजून घेतले. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीचा प्रकल्प आणि चिंचवडचे पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् ही त्यातून आलेली फळे. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्या मुलाकडे पाहताच शिपायाचा हात दंडुक्याकडे जात असे, तो मुलगा आज वर्गात बसून धडे गिरवतो आहे. माणूस तोच; पाहणाऱ्याची साठवण बदलायला हवी.

मग त्या मध्यमवर्गीय माणसाच्या प्रश्नाचे काय? १९६६ मध्ये रमण राघवला डांबून ठेवले असते तर? उत्तर सोपे नाही. परंतु ज्या अधिकाराने एका रमण राघवला पुराव्याविना डांबता येईल, त्याच अधिकाराने पालांवरच्या शेकडो निरपराधांनाही डांबता येईल. तसे डांबलेही गेले, त्यालाच १८७१ चा कायदा म्हणतात. १९६६ मध्ये उणीव होती ती पुराव्याच्या शोधाची आणि सोडल्यानंतरच्या पाळतीची. नजरेने काम केले होते, पुढच्या श्रमांनी साथ दिली नाही. नजर हे तपासाचे पहिले पाऊल आहे. ते शेवटचे समजले की एकतर खुनी सुटतो किंवा मांडव्य अडकतो.

अमेरिकेतही याच पेचाचा निवाडा योगायोगाने १९६८ मध्येच झाला. क्लीव्हलँड शहरात मार्टिन मॅकफॅडन या मुरलेल्या गुप्तहेराने १९६३ मध्ये दोन माणसांना एकाच दुकानाच्या काचेसमोरून पुन्हा पुन्हा येरझारा घालताना पाहिले. त्याने त्यांना अडवून अंगझडती घेतली, तेव्हा पिस्तुले निघाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. झडती वैध ठरली, पण न्यायालयाने मर्यादा आखून दिली : मनात आले म्हणून अडवले, हे चालणार नाही, काय दिसले आणि त्यावरून काय वाटले, हे अधिकाऱ्याला शब्दांत सांगता आले पाहिजे. मॅकफॅडनला ते सांगता आले. त्याने येरझारा मोजल्या होत्या.

आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४१ होते; १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५ त्याच्या जागी आले. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात वाजवी संशयावरून अटक करताना कारणे लेखी नोंदवण्याचे बंधन त्यात आहे. पोलीस ठाण्यात ही कारणे अनेकदा ठोकळेबाज मजकूर उतरवून काढली जातात. तो मजकूर लिहिण्याचा कंटाळा म्हणजे स्वतःची नजर तपासण्याचा कंटाळा. 'छत्री ओली होती आणि पाऊस नव्हता' असे लिहिता येते. 'चेहरा गुन्हेगारासारखा होता' असे लिहायला बसले की लेखणीच अडते.

शिरगावचे काय? एके काळी या गावात परका माणूस आला तर तिन्हीसांजेपर्यंत सगळ्यांना कळत असे. पोलीस पाटलाच्या डोळ्यांत सगळे गाव होते. आज एका अंगाला द्रुतगती मार्ग, दुसऱ्या अंगाला गहुंजेचे क्रिकेट मैदान, नव्या इमारती, परप्रांतीय मजूर, महिन्या-महिन्याला बदलणारे भाडेकरू. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय झाले, हा भाग त्यात गेला, मनुष्यबळ वाढले. पण बदलून आलेल्या शिपायाला 'नेहमीचे काय' हे कोण सांगणार? ते सांगणे गावाचे काम आहे. दुकानदाराने, दूधवाल्याने, मंदिराच्या सेवेकऱ्याने बीट अंमलदाराला नावाने ओळखावे आणि त्याने यांना. भाडेकरूची माहिती ठाण्यात देणे हे कटकटीचे काम वाटते, पण शिवेवरच्या जागल्याला जी माहिती तोंडपाठ होती तीच ती. आणि गावाबाहेरच्या पालावरही कुणी कार्यकर्त्याने चहाला जावे. तेथील माणसांची नावे गावाला ठाऊक असली, तर चोरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांना 'तो रात्री आमच्याकडे भजनाला होता' असे सांगणारा कुणीतरी निघेल.

येत्या गुरुवारीही रांगेच्या कडेला एक साध्या वेशातला शिपाई उभा असेल. त्याला कुणीतरी खटकेल. तो त्या माणसाच्या मागे चार पावले चालेल, त्याचे हात पाहील. शंभरातल्या किती वेळा तो चुकला, हे त्याच्या खिशातल्या डायरीत लिहिलेले असले, तर त्या शिपायाच्या नजरेवर विसंबायला हरकत नाही.